डॉक्टरांनी ‘यूटीआय’ लिहिले आहे, वर्णन मात्र सिस्टायटिसचे आहे : कोड कोणता द्यावा?

निशिगंध

अमेरिकी बाह्यरुग्ण चार्टचे कोडिंग करणाऱ्या, म्हणजे डॉक्टरांच्या टिपणातले निदान विम्याच्या बिलासाठी ठरावीक संकेतांकांत मांडणाऱ्या, मंडळींपुढे एक प्रकरण मांडते. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील अर्थातच दिलेला नाही.

मध्यमवयीन स्त्री. डॉक्टरांच्या टिपणात लिहिले आहे की लघवी करताना जळजळ होते, वारंवार जावे लागते आणि लघवीचा रंग लालसर दिसतो. ओटीपोट दाबल्यावर दुखते. ताप नाही, मूत्रपिंडाच्या जागी पाठीवर ठोकल्यावर दुखत नाही. डिपस्टिकवर (लघवीत बुडवायच्या तपासणीपट्टीवर) नायट्राइट (जंतूंची खूण) आणि रक्त दोन्ही पॉझिटिव्ह आहेत. उपचार म्हणून पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक दिले आहे. नंतर आलेल्या कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या) अहवालात ई. कोलाय हा जंतू आहे. निदानाच्या रकान्यात मात्र एकच शब्द आहे : ‘यूटीआय’, म्हणजे मूत्रमार्गसंसर्ग.

एन३९.० हा कोड ‘जागा न सांगितलेल्या’ मूत्रमार्गसंसर्गाचा आहे. या टिपणात जागा सांगितलेली नाही असे म्हणणे मला जड जाते, कारण सगळे वर्णन मूत्राशयाचे आहे आणि मूत्रपिंडाचा संसर्ग नसल्याच्या खुणाही डॉक्टरांनी स्वतः नोंदवल्या आहेत. मग एन३०.०१, म्हणजे रक्तासह तीव्र सिस्टायटिस (मूत्राशयाचा दाह), का देऊ नये? ज्या कोडरला शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकवून परीक्षा घेतली जाते, त्याने संपूर्ण टिपण वाचून निष्कर्ष काढू नये, ही अपेक्षा मला विसंगत वाटते.

लाल_पेन

एन३९.० द्या. एन३०.०१ देता येणार नाही.

आपला तर्क वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असेलही, परंतु तो तर्क करण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे निदानांच्या अमेरिकी कोडसंचाच्या, अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांतील १.ए.१९ हा परिच्छेद पाहा : कोड हा प्रोव्हायडरने (उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी) ‘ही स्थिती आहे’ असे जे निदानविधान केलेले असते त्यावर आधारलेला असतो. ‘सिस्टायटिस’ हा शब्द प्रोव्हायडरने लिहिलेला नाही. लक्षणे, तपासणी आणि औषध यांची बेरीज करून आपण तो लिहिला, तर ते कोडिंग राहत नाही, निदान होते.

आणखी एक गोष्ट. एन३९.० च्या खाली एक्सक्लूड्स वनमध्ये, म्हणजे सोबत देऊ नयेत अशा कोडच्या यादीत, सिस्टायटिस आहे, त्यामुळे ‘दोन्ही देऊन मोकळे होऊ’ हा मार्गही बंद आहे.

तर्ककर्कश

लाल पेन यांच्या उत्तराशी सहमत आहे, पण कारणमीमांसेशी पूर्णपणे नाही. १.ए.१९ हा परिच्छेद मुळात वेगळ्या वादासाठी आहे. डॉक्टरांनी निदान लिहिले आहे, पण ते वैद्यकीय निकषांत बसते का, अशी शंका आल्यावर कोडरने ते निदान गाळावे का, या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे, आणि ते ‘गाळू नये’ असे आहे. न लिहिलेले निदान स्वतःहून घालण्याची मनाई त्यातून निघते हे मान्य, परंतु ती ओघाने निघते.

निशिगंधताईंच्या प्रश्नातला अधिक रोचक भाग रक्ताचा आहे. समजा डॉक्टरांनी ‘तीव्र सिस्टायटिस’ असे लिहिले असते, आणि ‘लघवीत रक्त’ हे निदानाच्या रकान्यात वेगळ्या ओळीवर लिहिले असते, तर आपण एन३०.०० (रक्ताविना तीव्र सिस्टायटिस) अधिक आर३१ (लघवीतले रक्त) दिला असता की एन३०.०१?

नवशिकी

दोन वेगळ्या ओळी असतील तर दोन वेगळे कोड, असे मला वाटते. संबंध डॉक्टरांनी जोडला पाहिजे ना?

लाल_पेन

नवशिकी, इथे बरेच जण अडखळतात. १.ए.१५ मध्ये ‘विथ’ या शब्दाचा नियम आहे. वर्णानुक्रमणिकेत किंवा कोडच्या शीर्षकात दोन स्थिती ‘विथ’ने जोडलेल्या असतील, तर त्यांच्यात कार्यकारणसंबंध आहे असे गृहीत धरायचे असते, डॉक्टरांनी तो शब्दांत जोडलेला नसला तरीही. अपवाद असा की, दोन्हींचा संबंध नाही असे टिपणात स्पष्ट म्हटलेले असेल तर नाही. अनुक्रमणिकेत सिस्टायटिसखाली ‘विथ’ आणि त्याखाली हिमॅच्युरिया, म्हणजे लघवीतले रक्त, आहे. म्हणून तर्ककर्कश यांच्या उदाहरणात एन३०.०१ हा एकच कोड. आर३१ वेगळा द्यायचा नाही. त्याच्या एक्सक्लूड्स वनमध्ये रक्तासह तीव्र सिस्टायटिस नाव घेऊन दिलेला आहे.

याउलट एन३९.० ला रक्ताचा अंक जोडलेला नाही. त्यामुळे डॉक्टरांनी ‘यूटीआय’ आणि ‘डोळ्यांना दिसणारे रक्त’ अशी दोन निदाने लिहिली, तर एन३९.० आणि आर३१.० असे दोन कोड होतात.

मध्यरात्रीचा_कोडर

म्हणजे डॉक्टरांनी संबंध जोडला नाही तर तो आम्ही गृहीत धरायचा, आणि डॉक्टरांनी निदान लिहिले नाही तर आम्ही काहीच गृहीत धरायचे नाही. आता नीट समजले. म्हणजे रात्रपाळी संपेपर्यंत तरी समजलेले राहील.

वैद्यबुवा

मी कोडर नाही, मूत्ररोगांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, आणि हा धागा वाचताना थोडे ओशाळल्यासारखे झाले. पहिल्या पोस्टमधले टिपण वाचून कोणताही डॉक्टर सांगेल की हा मूत्राशयाचा संसर्ग आहे. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठते, पण मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. त्यामुळे मूत्रपिंडाचा संसर्ग वाटत असताना ते कोणी देत नाही. म्हणजे औषधाच्या निवडीतच निदान दडलेले आहे.

तरीही आम्ही ‘यूटीआय’ लिहितो, कारण तो तीन अक्षरांचा शब्द रुग्णाला, नर्सला आणि औषधविक्रेत्याला कळतो आणि उपचार त्याने बदलत नाहीत. आमच्या दृष्टीने तो अपुरा नसतो. तुमच्या दृष्टीने तो अपुरा आहे हे आम्हाला क्वेरी, म्हणजे कोडरचा लेखी प्रश्न, आल्यावरच कळते, आणि क्वेरी अशा वेळी येते जेव्हा तो रुग्ण आमच्या डोक्यातून गेलेला असतो.

निशिगंधताई, मला आपली बाजू पटते, पण एक धोका सांगतो. लालसर लघवी आणि जळजळ यांचे कारण दर वेळी एकच नसते. चाळिशीपुढच्या, धूम्रपान करणाऱ्या रुग्णात लघवीतले रक्त संसर्गावर ढकलून मोकळे होणे ही मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान लांबण्याची एक परिचित वाट आहे. म्हणून ‘रक्त कशामुळे’ हे वाक्य डॉक्टरांच्याच हातून आलेले बरे.

निशिगंध

डॉक्टरसाहेब, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. माझा आग्रह थोडा सैल करते, पण प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल विचारायचेच आहे. डिपस्टिकवरचे रक्त आणि कल्चरमधला ई. कोलाय हे तर कोणाचे मत नाही, ते निष्कर्ष आहेत. निदान ई. कोलायचा बी९६.२० तरी एन३९.० सोबत घेता येईल ना? एन३९.० खाली जंतूचा वेगळा कोड जोडण्याची सूचनाही आहे.

लाल_पेन

सूचना आहे, पण जंतू कोणता हे प्रोव्हायडरने म्हणायला हवे. कल्चरचा आकडा हा प्रयोगशाळेचा निकाल आहे. अहवाल पाहून डॉक्टरांनी पुरवणी टिपणात ‘ई. कोलायमुळे’ एवढे लिहिले की बी९६.२० मिळतो. नुसता अहवाल चार्टला जोडलेला असेल तर मिळत नाही.

दुर्बीण

यात बाह्यरुग्ण विभागापुरता एक फरक लक्षात ठेवावा. पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिऑलॉजिस्ट हे डॉक्टर आहेत. बाह्यरुग्ण तपासणीचा त्यांनी अर्थ लावलेला अंतिम अहवाल कोडिंगच्या वेळी उपलब्ध असेल, तर त्यातले निश्चित निदान घेता येते. मार्गदर्शक तत्त्वांच्या चौथ्या विभागात तसे म्हटले आहे. डिपस्टिक किंवा कल्चर यंत्राने किंवा तंत्रज्ञाने वाचलेले असते, ते या सवलतीत येत नाही. आंतररुग्णाच्या बाबतीत मात्र पॅथॉलॉजीच्या अहवालावरूनही परस्पर कोड देत नाहीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते निदान आपल्या टिपणात घ्यावे लागते.

‘प्रोबेबल’चाही असाच दुहेरी न्याय आहे. आंतररुग्णाला सुट्टी देताना ‘बहुधा सिस्टायटिस’ लिहिलेले असेल तर तो असल्यासारखा कोड देतात. बाह्यरुग्णाला ‘बहुधा इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ लिहिलेले असेल तर एन३०.१० देता येत नाही. लक्षणांवर थांबावे लागते, म्हणजे डॉक्टरांनी जे नोंदवले असेल त्याप्रमाणे मूत्राशयाच्या दीर्घकालीन वेदनेसाठी आर३९.८२, वारंवारतेसाठी आर३५.०, वगैरे.

नवशिकी

थोडे विषयांतर करते, पण मूत्राशयाचेच आहे. ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर, घाई, वारंवारता, घाईत लघवी गळते’ अशी ओळ असेल तर चार कोड होतात का?

लाल_पेन

दोन. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी एन३२.८१, आणि घाईत होणाऱ्या गळतीसाठी एन३९.४१. घाई आणि वारंवारता ही त्या आजाराचीच अंगभूत लक्षणे आहेत, ती वेगळी देत नाहीत. गळती मात्र प्रत्येक रुग्णात नसते, म्हणूनच एन३९.३ आणि एन३९.४ या दोन्हींखाली सोबतचा एन३२.८१ देण्याची सूचना आहे.

खोकताना, शिंकताना गळते आणि घाईतही गळते, असे दोन्ही लिहिलेले असेल तर डॉक्टरांनी त्याला ‘मिश्र’ म्हटले आहे का ते पाहा. मिश्र गळतीला स्वतःचा एन३९.४६ आहे आणि एन३९.३ त्याच्यासोबत चालत नाही. नुसते ‘गळती’ एवढेच लिहिले असेल तर आर३२ वर समाधान मानावे लागते. तो आजाराचा नाही, लक्षणांच्या प्रकरणातला कोड आहे, आणि त्याच्या बळावर पुढच्या उपचाराची गरज विमा कंपनीला पटवणे अवघड जाते.

तर्ककर्कश

हाच मुद्दा ‘न्यूरोजेनिक ब्लॅडर’ला (मज्जातंतूंच्या बिघाडाने नीट न चालणाऱ्या मूत्राशयाला) अधिक लागू पडतो. डॉक्टर हे दोन शब्द लिहून पुढे जातात आणि आपण एन३१.९ देतो. पण कारण मज्जारज्जूची इजा असेल तर एन३१ च्या एक्सक्लूड्स वननुसार वाट जी९५.८९ कडे जाते, आणि कॉडा इक्वायना सिंड्रोम (मज्जारज्जूखालच्या मज्जातंतूंच्या जुडग्यावरील दाब) असेल तर जी८३.४ कडे. म्हणजे कारणाचा एक शब्द राहिला की कोड नुसता अपुरा राहत नाही, तो चुकीच्या प्रकरणात जातो.

वैद्यबुवा

हे मला खरोखरच माहीत नव्हते. आम्ही कारण पहिल्या भेटीत सविस्तर लिहितो आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत ‘न्यूरोजेनिक ब्लॅडर, स्थिर’ असे लिहितो.

लाल_पेन

आणि आम्हाला प्रत्येक भेट स्वतंत्र वाचावी लागते, डॉक्टरसाहेब. मागच्या भेटीतले कारण ओढून आणता येत नाही.

याचा परिणाम फक्त निदानाच्या कोडवर होत नाही. मूत्राशयात बोटुलिनम टॉक्सिन टोचण्याची प्रक्रिया ५२२८७ या एकाच कोडने नोंदवली जाते, पण औषधाचे एकक मोजून बिल होते. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी मान्य मात्रा १०० युनिट आहे आणि चेतासंस्थेच्या विकारामुळे झालेल्या गळतीसाठी २०० युनिट. टिपणात निदान एन३२.८१ चे आणि टोचलेले औषध २०० युनिट असेल, तर दावा परत येण्यासाठी कोणी शत्रुत्व धरण्याची गरज नाही.

मध्यरात्रीचा_कोडर

शत्रुत्वावरून आठवले. ‘युरोसेप्सिस’ लिहिणाऱ्या डॉक्टरांविषयी या धाग्यावर अजून कोणी काहीच बोललेले नाही, हा संयम कौतुकास्पद आहे.

लाल_पेन

संयम नाही, थकवा आहे. नवीन सभासदांसाठी सांगते : ‘युरोसेप्सिस’ला आयसीडी-१०-सीएममध्ये कोड नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वांत तसे स्पष्ट म्हटले आहे. त्याचा अर्थ नुसता मूत्रसंसर्ग असा होऊ शकतो किंवा रक्तात पसरलेला, जिवावर बेतणारा सेप्सिस असा होऊ शकतो. आपण यातला एक अर्थ निवडायचा नसतो. डॉक्टरांना विचारणे एवढाच मार्ग आहे.

दुर्बीण

कॅथेटरचेही तेच. रुग्णाला फोली (मूत्राशयात ठेवलेली कॅथेटरची नळी) आहे आणि रुग्णाला यूटीआय आहे, या दोन वाक्यांतून ‘फोलीमुळे यूटीआय’ हे तिसरे वाक्य आपल्याला काढता येत नाही. वर ‘विथ’चा नियम सांगितला गेला, तो इथे लावण्याचा मोह होतो, पण उपचारातून झालेल्या गुंतागुंतीसाठी संबंध डॉक्टरांनीच सांगावा लागतो. तसे लिहिलेले असेल तर टी८३.५११ए आधी, आणि संसर्गाचा कोड त्यानंतर.

रुग्णालयांना ‘फोलीमुळे’ हा शब्द लिहायला का नको वाटते तेही समजून घ्यावे. १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने (अमेरिकी सरकारच्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याने) रुग्णालयात दाखल झाल्यानंतर उद्भवणाऱ्या ज्या स्थितींचा जादा मोबदला थांबवला, त्यांत कॅथेटरमुळे होणारा मूत्रसंसर्ग आहे. म्हणून भरती होतानाच संसर्ग होता की नाही, ही नोंद पहिल्या दिवशीच्या टिपणात असणे रुग्णालयाच्याही हिताचे असते.

तर्ककर्कश

मला राहून राहून वाटते की निशिगंधताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर अजून राहिले आहे. एन३९.० देऊन फाइल पुढे ढकलावी की क्वेरी पाठवावी? पैशाचा फरक बहुधा शून्य आहे, कारण बाह्यरुग्ण भेटीचे शुल्क निदानाच्या कोडवर ठरत नाही. मग एका यूटीआयसाठी डॉक्टरांचा वेळ घ्यावा का?

लाल_पेन

माझ्या मते घ्यावा, कारण या टिपणात निदान आणि वर्णन यांच्यात उघड अंतर आहे. पण क्वेरी कशी लिहायची याला नियम आहेत. ‘हा रक्तासह तीव्र सिस्टायटिस आहे ना?’ असे विचारणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणे. अहिमा आणि एसीडीआयएस या वैद्यकीय नोंदींच्या क्षेत्रातील संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शनानुसार चार्टमधले निष्कर्ष जसेच्या तसे मांडावेत, वैद्यकीयदृष्ट्या संभवनीय पर्याय द्यावेत, त्यांत ‘अन्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही असावेत, आणि मोबदल्यावर काय परिणाम होईल याचा उल्लेख अजिबात नसावा. रक्तासाठी वेगळा प्रश्न विचारा. एकाच प्रश्नात दोन्ही कोंबू नका.

वैद्यबुवा

आणि कृपया छोटी लिहा. दोन पानी क्वेरी आली की आम्ही पहिला पर्याय निवडतो.

लाल_पेन

डॉक्टरसाहेब, हे आपण लेखी द्यायला नको होते.

निशिगंध

सर्वांना कळवते. दोन प्रश्नांची क्वेरी पाठवली होती, एक संसर्गाच्या जागेविषयी आणि एक रक्ताविषयी. डॉक्टरांनी पुरवणी टिपण लिहिले आहे. संसर्ग : ई. कोलायमुळे झालेला तीव्र सिस्टायटिस. रक्ताविषयी मात्र त्यांनी लिहिले आहे की डोळ्यांना दिसणारे रक्त जळजळ सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून अधूनमधून जात होते, ते या संसर्गामुळे आहे असे त्यांना वाटत नाही, आणि सिस्टोस्कोपीसाठी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहण्यासाठी) मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवले आहे.

म्हणजे पहिल्या पोस्टमध्ये जो एन३०.०१ मला उघड दिसत होता, तो सिस्टायटिस शब्द मिळूनही बसत नाही. एन३०.००, बी९६.२० आणि आर३१.० असे तीन कोड मी योजले आहेत. आर३१ च्या एक्सक्लूड्स वनमुळे एन३०.०० सोबत तो अडेल का, एवढीच शंका आहे.

तर्ककर्कश

अडू नये. ‘संबंध नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असणे हाच ‘विथ’च्या नियमाचा अपवाद, आणि दोन स्थिती परस्परांशी संबंधित नसतील तर एक्सक्लूड्स वनलाही अपवाद आहे. संगणकाने इशारा दिला तर पुरवणी टिपणातले ते वाक्य दाखवा.

वैद्यबुवांनी रक्ताविषयी दिलेला इशारा इतक्या लवकर खरा ठरेल असे वाटले नव्हते.

नवशिकी

आता पुढच्या टप्प्याचे विचारून ठेवते. सिस्टोस्कोपीत गाठ दिसली आणि ती त्याच वेळी काढली, तर कोड कसे बदलतात?

दुर्बीण

नुसती दुर्बिणीने पाहणी असेल तर ५२०००, आणि काहीच सापडले नाही तर निदान आर३१.० च राहते. गाठ खरवडून काढली तर ५२००० वेगळा देत नाहीत. तो काढण्याच्या कोडमध्ये सामावतो. काढण्याचा कोड आकारावर ठरतो : अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ५२२२४, अर्धा ते दोन सेंटिमीटरला ५२२३४, दोन ते पाचला ५२२३५, पाचाहून मोठ्या गाठीला ५२२४०. अनेक गाठी असतील तर त्यांच्या आकारांची बेरीज करत नाहीत, सर्वांत मोठी गाठ धरून एकदाच कोड देतात. हा आकार शल्यविशारदांनी आपल्या टिपणात लिहायला हवा. पॅथॉलॉजीकडे तुकडे जातात, त्यांच्या मापावरून मूळ गाठीचा आकार सांगता येत नाही.

निदानासाठी शक्यतो पॅथॉलॉजीची वाट पाहावी. कर्करोग ठरला तर सी६७, आणि त्यातही जागा हवी : त्रिकोण सी६७.०, घुमट सी६७.१, बाजूची भिंत सी६७.२, मूत्राशयाची मान सी६७.५. शल्यविशारदांनी ‘मूत्राशयातील गाठ’ एवढेच लिहिले की सी६७.९ शिवाय पर्याय उरत नाही, दुर्बिणीतून जागा स्वच्छ दिसलेली असूनही.

नवशिकी

आणि अहवाल येण्याआधी कोड द्यावाच लागला तर डी४१.४?

दुर्बीण

नाही. डी४१.४ म्हणजे पॅथॉलॉजिस्टने पाहूनही वर्तन (कर्करोगाचे की साधे) ठरवता आले नाही अशी गाठ. तो त्यांचा निकाल आहे, आपली अनिश्चितता नाही. डॉक्टरांनी ‘ट्यूमर’ किंवा ‘निओप्लाझम’ लिहिले असेल आणि अहवाल नसेल तर डी४९.४. नुसते ‘मास’ (गोळा) लिहिले असेल तर तेही नाही, अनुक्रमणिका आपल्याला मूत्राशयाच्या अन्य विकारांकडे, एन३२.८९ कडे नेते.

निशिगंध

दुर्बीण, सी६७ किती काळ द्यायचा हेही इथेच लिहाल का? आमच्याकडे वर्षानुवर्षे तोच कोड पुढे ओढला जातो.

दुर्बीण

गाठ काढल्यानंतर मूत्राशयात बीसीजी (प्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध) किंवा केमोथेरपी सोडणे चालू असेल, तर उपचार त्या जागेवर चालू आहेत, म्हणून सी६७. उपचार संपले, रोगाचा पुरावा नाही आणि रुग्ण केवळ देखरेखीच्या सिस्टोस्कोपीसाठी आला, तर झेड०८ (उपचारानंतरची देखरेख) आणि पूर्वेतिहासाचा झेड८५.५१. त्याच सिस्टोस्कोपीत गाठ पुन्हा आढळून कर्करोग ठरला, तर पुन्हा सी६७. अडचण एवढीच की टिपणात ‘मूत्राशयाचा कर्करोग, फॉलो-अप’ एवढेच लिहिलेले असते, आणि उपचार संपले की नाहीत हे त्या ओळीतून कळत नाही.

मध्यरात्रीचा_कोडर

वैद्यबुवा, दोन ओळींची क्वेरी येते आहे.